रिकाम्या ट्रेलरचं वजन

१

श्रावण ड्रायव्हरची पिकप मिलिटरीच्या लिलावातली. तिच्या मागे जोडायचा दोन चाकांचा लोखंडी ट्रेलरही तिथलाच. लढाई संपली, गोरे गेले, आणि त्यांचं हे धूड हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्याने उचलून आणलं. नत्थू मेकॅनिक त्या पिकपला म्हैस म्हणायचा. म्हणेना का! सात वर्षांत म्हशीने श्रावणला एकदाही रस्त्यात बसवलं नव्हतं.

खेप ठरलेली होती. हिंगणघाटात सरकी भरायची, वडनेर, पांढरकवडा करत आदिलाबादेच्या तेलघाणीवर ओतायची आणि तिसऱ्या दिवशी रिकामं परत यायचं. जिनिंगच्या फाटकातून बाहेर पडताना वजन, आत येताना वजन. काटा होता बैलगाडीच्या मापाचा, त्यावर पिकप आणि ट्रेलर एकदम मावत नसत. म्हणून दोघांना जोडणाऱ्या दांड्याची खिट्टी काढायची, आधी पिकप चढवायची, मग चार हमालांनी ट्रेलर ढकलत आणायचा. ड्रायव्हर धरून पिकप एकावन्न मण, रिकामा ट्रेलर चौदा मण. चाळीस शेरांचा मण, त्यात दोन शेरांचाही फरक कधी पडला नाही. काटेवाला मोतीलाल तर छाती काढून सांगायचा, "माह्या काट्यावर चिमणी बसली तरी तिचा हिशोब लागते."

श्रावणची एक सवय होती. ट्रेलर लावलेली गाडी उचलते तेव्हा मागे हिसका बसतो, आत माणसं असली तर भेलकांडतात. म्हणून गिअर टाकण्याआधी तो खिडकीतून डोकं काढायचा, मागे बघायचा आणि ओरडायचा, "सांभाळून बसा, निघालो!" मागे नुसती पोती असली तरी ओरडायचा. हमाल खिदळायचे.

"पोत्यायले सांगून राह्यला का बे, श्रावण्या?"

"सवय लागली, बाप्पा. तोंड ऐकतच नाई," तो म्हणायचा, आणि स्वतःही हसायचा. तेव्हा तो हसायचा.

२

त्या वर्षी चैत्रात त्याची बायको यशोदा नागपूरच्या दवाखान्यात होती. दोन महिने झाले होते, अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. एके सकाळी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. एवढंच म्हणाले. दवाखान्यातून निघताना नर्सने रिवाजाप्रमाणे तिला काट्यावर उभं केलं, श्रावणने दंडाला धरलं होतं, आणि कागदावर वजन लिहून दिलं. एक मण दोन शेर.

श्रावण नागपूरला गेला होता जिनिंगचे रोलर आणायला. ते पिकपमध्ये भरले होते. बसायची ताकद यशोदेत नव्हती, म्हणून त्याने ट्रेलरमध्ये कापूस अंथरला, वर सतरंजी टाकली, उन्हासाठी ताडपत्री बांधली आणि तिला आडवं केलं. रोलर ट्रेलरमध्ये टाकून बायकोला पिकपमध्ये, आपल्या पाठीशी घेता आलं असतं. पण रोलर उतरवायचे म्हणजे चार माणसं लागणार, तासभर जाणार. त्याला घाई होती. लीना सहा वर्षांची, घरी आत्याजवळ वाट बघत होती.

"हे घे," म्हणत त्याने यशोदेच्या हातात पितळेचा पेला दिला. "मी आवाज दिला का पत्र्यावर दोन ठोके देजो. म्हणजे मले समजते."

यशोदा म्हणाली, "मी बरी आहो. तुम्ही चालवा, थांबू नका."

बुटीबोरीला त्याने वेग कमी करून हाक मारली. दोन ठोके आले, टण टण. पुढे एका नाल्यावर मारली. दोन ठोके. जामच्या चौकात मारली तेव्हा आवाज आला खरा, पण तो पेल्याचा होता की दांड्याच्या साखळीचा, हे त्याला नीट कळलं नाही. थांबून बघावं असं मनात आलं. पण तीच म्हणाली होती, थांबू नका. आणि घर आता दहा-बारा मैलच राहिलं होतं.

दारात ताडपत्री सोडली तेव्हा त्याची थोरली बहीण कुसुमबाई आधी पुढे झाली. तिने यशोदेच्या कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

"श्रावण, थंडी पडली रे हे. केव्हाची गेली?"

त्याला सांगता आलं नाही.

"कुठंशी गेली? जामच्या अलीकडं का पलीकडं?"

तेही नाही. पंचेचाळीस मैल त्याने बायकोला ओढून आणलं आणि ती कुठल्या मैलाला गेली हे त्याला माहीत नव्हतं. रडू येईल असं वाटलं. आलं नाही. छातीत सरकीचं पोतं ठेवल्यासारखं झालं, आणि ते तसंच राहिलं.

३

वेणा नदीच्या काठावर लाकडं ट्रेलरमधून नेली. सगळं आटोपलं, माणसं आंघोळ करून ओल्या धोतरांनी पिकपमध्ये चढली. मसणातून निघताना मागे बघायचं नसतं, आणि कोणी कोणाला चल, बस, येतो असं म्हणायचं नसतं. पोराटोरांनाही ठाऊक असतं. श्रावणलाही ठाऊक होतं.

पण हात स्टिअरिंगवर गेले, आणि पुढचं सगळं आपसूक झालं. डोकं खिडकीबाहेर आलं. मान मागे वळली. रिकामा ट्रेलर, त्यात लाकडाची साल, त्याच्या पलीकडे धूर.

"सांभाळून बसा, निघालो!"

पिकपमधल्या आठ माणसांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांत शेजारचे पुंडलिकराव होते, शाळेतून निवृत्त झालेले, कोणत्याही गोष्टीला घाबरून जाणाऱ्यांतले नव्हेत. ते हळूच म्हणाले, "कोणाले म्हटलं बे तू, बसा म्हणून?"

श्रावणने क्लच सोडला. हिसका नेहमीपेक्षा जड बसला. उताराची वाळू आहे, चाकं रुतली असतील, असं त्याने मनाशी म्हटलं. वाळू होती, हेही खरंच.

४

तेरावं झालं आणि पुढच्याच आठवड्यात तो आदिलाबादेला गेला. घरी बसून करायचं काय? लीनाने आई गेल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. जेवायची, झोपायची, वेणी घालू द्यायची, पण बोलत नव्हती. कुसुमबाई तिला मांडीवर घेऊन रडायची आणि मग श्रावणवर चिडायची. "तू तरी रड रे! दगड झाला का तू?"

परतीच्या वाटेवर, सरकी ओतून झाल्यावर, त्याला ती ओढ जाणवली. ट्रेलरवाला ड्रायव्हर डोळ्यांपेक्षा पाठीने गाडी चालवतो. रिकामा ट्रेलर खड्ड्यात उडतो, खडखडतो, नाचरं वासरू असतं ते. हा नाचत नव्हता. डाव्या कोपऱ्यात, जिथे यशोदेचं डोकं होतं, तिथे तो बसल्यासारखा चालत होता.

फाटकात मोतीलालने वजनं सरकवली, पुन्हा सरकवली, चष्मा पुसला.

"पंधरा मण दोन शेर. श्रावणभाऊ, काय आणलं?"

"काई नाई. पाय नं."

मोतीलाल उठून आला. ट्रेलर रिकामा. हमालांनी चिखल खरवडला, निघाला पावशेर. तळाच्या फळ्यांनी पाणी प्यालं असेल म्हणावं, तर वैशाखात पाणी कुठलं? मोतीलालने काटा तपासला, स्वतः चढून बघितला, हमाल चढवून बघितला. काटा बरोबर.

"कमाल हाय," तो म्हणाला. "एक मण दोन शेर जास्त. एवढं बरोब्बर कसं होते?"

श्रावणच्या खिशात दवाखान्याचा कागद होता. तो त्याने काढला नाही. घाबरायला हवं, हे त्याला समजत होतं. पण भीती यायला आत जागा लागते, आणि आत तर ते पोतं होतं. त्याला वाटलं ते एवढंच, की खड्डे जरा जपून काढायला हवे होते.

५

पुढच्या तीन खेपांना तेच वजन आलं. मोतीलालने शेवटी वहीत चौदाच लिहायला सुरुवात केली आणि श्रावणच्या नजरेला नजर देणं बंद केलं.

श्रावण हळू चालवू लागला. ट्रेलरच्या डाव्या कोपऱ्यात कापूस अंथरू लागला. ट्रेलर जिनिंगमध्ये सोडायचा नियम होता. तो घरी आणू लागला आणि अंगणात कडुनिंबाखाली लावू लागला.

"हे काऊन आणतं घरी?" कुसुमबाई म्हणाली. "ज्याच्यात माणूस मेलं ते दारात उभं करते का कोणी?"

"असू दे. राहू दे."

"मले नाई आवडत. लेकरू दिवसभर त्याच्यातच जाऊन बसते."

हे खरं होतं. एका दुपारी, ऊन रटरटत असताना, श्रावण जेवून ओसरीवर आला तर लीना ट्रेलरमध्ये दिसली. डाव्या कोपऱ्यात कुशीवर निजली होती, पाय पोटाशी घेऊन. डोळे मिटलेले. गाढ झोपली होती बिचारी, आई गेल्यापासून पहिल्यांदा इतकी गाढ.

तो जवळ गेला. तिचं डोकं कापसाला टेकलेलं नव्हतं. कापसापासून वीतभर वर होतं, गाल जरासा दबलेला, जसा मांडीवर दबतो तसा. मान सैल होती. श्वासाबरोबर डोकं थोडं वर जात होतं, थोडं खाली येत होतं.

श्रावण उभा राहिला. कडुनिंबाच्या निंबोळ्या पत्र्यावर टपटप पडत होत्या. उचलून घ्यावं लेकराला, हे मनात आलं. मग दुसरंही आलं, की झोपली आहे, झोपू दे. त्याने ताडपत्री जरा पुढे ओढली, सावली व्हावी म्हणून, आणि आत जाऊन पडला.

संध्याकाळी कुसुमबाई म्हणाली, "आज पोरीनं चहाले हो म्हटलं."

"बोलली?"

"बोलली नाई. विचारलं, चहा पेशीन का, तर यशोदेचा पेला घेऊन चौकटीवर दोन ठोके दिले. कोणी शिकवलं तिले?"

पेल्याची गोष्ट श्रावणने कोणालाच सांगितली नव्हती.

६

गिरडच्या डोंगरावरच्या दर्ग्याचा एक नवस राहिला होता. दोन वर्षांमागे लीनाला मुदतीचा ताप आला तेव्हा यशोदेने बोलला होता, पोरगी वाचली तर तिच्या वजनाचा गूळ बाबाच्या दारी वाटीन. मग स्वतःच आजारी पडली आणि नवस राहून गेला. कुसुमबाईने तोच धरला. "थो फेड आधी. म्हणूनच लेकरू बोलून नाई राह्यलं."

श्रावणला पटलं असं नाही. पण काहीतरी करायला मिळालं. सोमवारी बाजारात दुकानदाराच्या तागडीत लीनाला बसवलं, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या भेल्या. एकोणीस शेर. लीना पारड्यात शहाण्यासारखी बसली, हसलीसुद्धा.

मंगळवारी सकाळी निघायचं. एवढ्याशा गुळाला ट्रेलर कशाला हवा? पण श्रावण तोलून ठेवलेला गूळ घ्यायला त्या जिनिंगजवळच्या दुकानावर गेला तो ट्रेलर लावूनच, लीनाला शेजारी सीटवर बसवून. पेट्रोलपाण्याच्या परवानगीसाठी फाटकात थांबला. तिथे मोतीलाल म्हणाला, "वजन करून जाय. मालकाचा हुकूम हाय, काट्याबिगर गाडी बाहेर नाई."

खिट्टी काढली. पिकप काट्यावर चढवली. आत श्रावण, शेजारी लीना, मागे गूळ. मोतीलालने वजनं सरकवली.

"एकावन्न मण एकोणीस शेर."

"बरोबर हाय," श्रावण म्हणाला. "गूळ हाय नं मांगं, एकोणीस शेर."

"अन् पोरगी?"

श्रावणने शेजारी बघितलं.

"श्रावणभाऊ, तुमच्यासकट गाडी एकावन्न. गुळाचे एकोणीस. मंग पोरगी धरून अडतीस शेर पाहिजे. पोरीचं वजन कुठं गेलं?"

लीना समोर बघत बसली होती. पाय सीटवरून खाली सोडलेले. इंजिनाच्या थरथरीने दार थरथरत होतं, आरसा थरथरत होता. तिच्या फ्रॉकची झालर थरथरत नव्हती.

मोतीलालने हमालांना हाक मारली. ट्रेलर काट्यावर आला. या खेपेला त्याने आकडा मोठ्याने वाचला नाही. श्रावणने खाली उतरून स्वतः वाचला. पंधरा मण एकवीस शेर.

एक मण दोन शेर, आणि वर एकोणीस.

"हा ट्रेलर इथंच सोड," मोतीलाल म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "हात जोडतो, श्रावणभाऊ. सोड अन् पोरीले घेऊन जाय."

श्रावणलाही तसंच वाटलं. तेवढ्यात रिकाम्या ट्रेलरच्या पत्र्यावर दोन ठोके आले. हलके, घाईचे. लहान हाताचे.

तेव्हा आतलं पोतं सरकलं, आणि मागून भीती आली. सगळी एकदम आली, दोन महिन्यांची. ट्रेलर सोडायचा? लीनाला काट्यावर सोडून लीनाला घेऊन जायचं?

त्याने दांडा उचलून आकड्यात बसवला आणि खिट्टी ठोकली. दोनदा हातातून पडली ती.

७

तो बैलगाडीच्या चालीने निघाला. गिरडला जायचं, नवस फेडायचा, बाबाच्या दारात ट्रेलर उभा करायचा. पुढचं त्याला काही सुचत नव्हतं. शेजारी बघायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं.

पहिल्या मैलाच्या दगडाशी वेग कमी करून हाक मारली. "लीना, बरी हायेस नं माय?"

मागून टण टण.

दुसऱ्या दगडाशी टण टण. तिसऱ्या दगडाशीही. या खेपेला तो एकही दगड सोडणार नव्हता. जामच्या चौकात त्याने गाडी पूर्ण थांबवली, इंजिनही बंद केलं, साखळीला पायाने दाबून धरलं आणि विचारलं. दोन ठोके आले. साखळीचे नव्हते. श्रावण रस्त्यात उभा राहून रडला. एक गाडीवान बैल थांबवून म्हणाला, "काय झालं, दादा?" श्रावणने हाताने त्याला जा म्हटलं.

समुद्रपूर मागे पडलं. ऊन चढलं. दोन्हीकडे नांगरलेली काळी वावरं, झाड नाही. दर मैलाला तो विचारत होता, घसा कोरडा पडला होता. ठोके येत होते, पण आता जरा थांबून येत होते. आधी एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"कटाळली का माय? पोचलोच आपण. पाय, डोंगर दिसून राह्यला."

एक ठोका. दुसरा आला का, ते बघायला तो थांबला. आला, पण बोटाने वाजवल्यासारखा.

पुढच्या दगडाशी काहीच आलं नाही.

त्याने गाडी थांबवली. पुन्हा विचारलं. खाली उतरून ट्रेलरच्या पत्र्याला कान लावला. पत्रा उन्हात होता, पण गार लागला. आत कापूस होता, त्यावर दोन खळगे पडले होते, एक मोठा आणि त्याला बिलगून एक लहान. तो लीना, लीना म्हणत राहिला. दूर कुठेतरी पवनचक्कीसारखं काहीतरी करकरत होतं, मोटेचं चाक असेल. बाकी काही नाही.

दगडावर चुन्याने लिहिलं होतं, गिरड ८. श्रावणने ते दोनदा वाचलं. कुसुमबाईने विचारलं तर आता जागा सांगता आली असती.

तो परत येऊन सीटवर बसला. हात स्टिअरिंगवर ठेवले. ते त्याचे वाटत नव्हते.

शेजारून, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, आवाज आला. लीनाचाच आवाज होता, बारीक, थोडा बसलेला.

"मी बरी आहो," ती म्हणाली. "तुम्ही चालवा, थांबू नका."

लीना बापाला कधी तुम्ही म्हणत नसे. श्रावणने तिच्याकडे बघितलं नाही. त्याचं डोकं खिडकीबाहेर गेलं, मान मागे वळली, तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं आणि गिअर टाकला.